ओढ्याकाठची रेताड मळई : गुण आणि मर्यादा

रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी या गावी जन्मलेल्या विनोबांनी पुढे भूमिहीनांच्या प्रश्नाला हात घातला आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूदान चळवळीचा प्रारंभ झाला. या चळवळीत मिळालेल्या जमिनींत पडीक व हलक्या प्रतीच्या जमिनींचे प्रमाण बरेच होते, हे सर्वश्रुत आहे. तथापि, जमिनीला ‘हलकी’ हा शेरा नेहमी माती तपासूनच मारला जातो असे नाही. बहुधा तो डोळ्यांनी पाहूनच मारला जातो. कमी पावसाच्या प्रदेशातील ओढ्याकाठची रेताड जमीन हे याचे ठळक उदाहरण होय.

गागोद्याचा डोंगर आणि सातारा-सांगली-सोलापूरचा माणदेश यांचा मूळ खडक एकच, काळा बेसाल्ट. परंतु पेण तालुक्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर माणदेशात तो सुमारे ५०० मिलिमीटर असतो. कोकणात एवढे पाणी मातीतून झिरपते की, खडकाच्या झिजेतून सुटलेला चुना धुपून समुद्राला मिळतो व माती किंचित आम्लधर्मी होते. सह्याद्रीच्या पूर्वेस चुना वाहून नेण्याइतके पाणीच नसते. तो मातीतच साठतो आणि त्याचे पांढरे खडे बनतात. पावसातील या फरकामुळे ओढ्याकाठच्या मातीचा स्वभावच बदलतो.

बेसाल्ट कुजला म्हणजे त्याची मुख्यतः चिकणमाती होते. म्हणूनच दख्खनच्या पठारावर काळी, चिकट जमीन सर्वत्र आढळते. मग वाळू येते कोठून? हे काम पुराचे. माणगंगेसारखी नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते व पावसाळ्यात काही तास वा काही दिवस जोराने वाहते. पाण्याचा वेग असेपर्यंत चिकणमातीचे सूक्ष्म कण पुढे निघून जातात. वेग मंदावताच आधी गोटे, मग जाड वाळू, मग बारीक रेती व शेवटी पोयटा खाली बसतो. असे शेकडो पूर येऊन गेल्यावर थरावर थर चढतात. पुढे नदीने आपले पात्र आणखी खोल कोरले, की जुने पूरमैदान उंचावर राहते व काठाला पायरी तयार होते. काही ठिकाणी अशा दोन-तीन पायऱ्या एकावर एक दिसतात.

खालची पायरी सर्वांत तरुण. तेथील माती मोकळी, रेताड, थरांच्या रेघा स्पष्ट दाखवणारी असते. वरची पायरी फार जुनी, पिवळसर तपकिरी, घट्ट व चुनखडीच्या खड्यांनी भरलेली असून तिच्या कडेला पावसाच्या पाण्याने घळी पडलेल्या असतात. दोन्हींना गावात ‘मळई’ असेच म्हटले जात असले, तरी त्या दोन वेगळ्या जमिनी आहेत. पंचायतीने अथवा तलाठ्यांनी एकाच शेऱ्याखाली त्या नोंदवल्या, तर पुढील सारेच आडाखे चुकतात.

वाळू आणि ओल

रेतीत पाणी टिकत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. साधा हिशेब करून पाहू. दहा सेंटिमीटर जाडीच्या रेताड मातीत पिकास उपयोगी पडणारे पाणी सुमारे ८ मिलिमीटर मावते, काळ्या चिकण मातीत सुमारे २० मिलिमीटर. कोरड्या जमिनीवर २० मिलिमीटरची एक सर पडली, तर रेताड जमीन २५ सेंटिमीटर खोल भिजेल आणि काळी जमीन १० सेंटिमीटर. आता ऊन पडले की, वरच्या दहाएक सेंटिमीटरमधील ओल दोन्हीकडे बहुतांशी उडून जाणार. काळ्या जमिनीतील ती सर जवळजवळ वाया गेली. रेताड जमिनीत मात्र निम्म्याहून अधिक पाणी मुळांपाशी शिल्लक राहिले, कारण वरची कोरडी वाळू आच्छादनाचे काम करते व खालची ओल वर चढू देत नाही. तुरळक पावसाच्या मुलखात मटकी, हुलगा, बाजरी ही पिके अशा जमिनीत तग धरतात, त्याचे एक कारण हे आहे.

परंतु पावसाने दीर्घ ओढ दिली, की पारडे फिरते. साठ सेंटिमीटर खोलीत रेताड मातीचा साठा ४८ मिलिमीटर, तर काळीचा १२० मिलिमीटर. पिकाला दररोज ४ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर पहिला साठा १२ दिवसांत संपतो व दुसरा ३० दिवस पुरतो. म्हणून या मळईला पाणी थोडे व वारंवार द्यावे लागते. एकदम पाट सोडून भरपूर पाणी दिल्यास ते मुळांखाली निघून जाते आणि जाताना नत्रही घेऊन जाते. नत्रखताची मात्रा दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावी, या शिफारशीचे मर्म हेच आहे. ठिबक सिंचनाचा खरा लाभ कोठे दिसत असेल, तर तो अशा जमिनीत.

खालचे थर काय आहेत, यावरही बरेच अवलंबून असते. वर पोयटा व खाली गोटे असतील, तर पोयट्यातील पाणी सहजासहजी गोट्यांत उतरत नाही. पोयटा पुरता भिजेपर्यंत ते वरच अडून राहते. त्यामुळे असा उथळ पोयटाही अपेक्षेहून अधिक ओल धरतो. याउलट, वर वाळू व खाली चिकणमातीचा अखंड थर असेल, तर जादा पाणी तेथे तुंबते आणि काही वर्षांत क्षार वर येऊ लागतात. वरून दोन्ही जमिनी सारख्याच मोकळ्या दिसतात. मीटरभर खोल खड्डा घेतल्याखेरीज हा भेद कळत नाही.

चुनखडीचा त्रासही ध्यानात घेतला पाहिजे. अधिक चुन्यामुळे लोह, जस्त व स्फुरद ही द्रव्ये मातीत असूनही पिकाला मिळत नाहीत. कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा शेतकरी बहुधा नत्र कमी पडले असे समजून युरिया टाकतो. दोष मात्र लोहाच्या कमतरतेचा असतो. शेणखत व कंपोस्ट यांनी यात सुधारणा होते. २०१७ पासून राज्यात राबविण्यात आलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या उपक्रमातील तलावाचा गाळ रेताड मळईस विशेष मानवतो. हाच गाळ मुळातच चिकण असलेल्या शेतात टाकणे म्हणजे वाहतुकीचा खर्च वाया घालवणे.

अशा काठांचे मोल ओळखणारे शेतकरी महाराष्ट्रात फार पूर्वी होऊन गेले. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत बार्लीचे दाणे आढळले. तसेच पुराचे पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध व खोदलेला कालवा यांचे अवशेषही मिळाले.

पात्रातील वाळू

काठच्या पायरीचे भवितव्य पात्रातील वाळूशी जोडलेले आहे, आणि येथे ग्रामपंचायतीचा थेट संबंध येतो. एक किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद व २ मीटर जाड वाळूचा पट्टा घ्या. त्याचे आकारमान एक लाख घनमीटर. भिजलेल्या वाळूतून सुमारे २० टक्के पाणी निथळून मिळते असे धरले, तर हा साठा दोन कोटी लिटरचा होतो. जलजीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या मानाने एक हजार वस्तीच्या गावाला तो वर्षभर पुरेल. पाझर व विहिरींचा उपसा यांमुळे प्रत्यक्षात इतके पाणी हाती लागत नाही, हे खरे. परंतु हातभर वाळूखाली गेलेल्या पाण्याचे बाष्पीभवन फारच थोडे होते, हा लाभ उघड्या तळ्याला नाही. उन्हाळ्यात पात्रात झिरे उकरून पाणी भरणाऱ्या स्त्रियांना हे शास्त्र शिकवावे लागले नाही.

वाळू उपसली, की हा साठा तर जातोच, शिवाय पात्र खोल जाते. काठच्या विहिरींची पातळी त्यामागे खाली उतरते, पायरीचा पाया पोखरला जाऊन दरडी ढासळतात आणि घळी शेतात शिरतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ मध्ये अनधिकृत उत्खननास दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ च्या आदेशान्वये पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननासही पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक ठरवली. काठावरील जमीन सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून पडलेली असली, की ती ढासळल्याचे दुःख फारसे कोणाला होत नाही. तपासणीची निकड येथेच आहे.

तपासणी अवघड नाही. शाळेतही ती करता येते. उभट काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती व उरलेले पाणी घालून, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून ती खूप हलवावी. पहिल्या मिनिटात वाळू तळाशी बसते, काही तासांत पोयटा, आणि चिकणमाती एक-दोन दिवस पाणी गढूळ ठेवते. थरांची उंची पट्टीने मोजून प्रमाण काढता येते. प्रयोगशाळेतील सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब शिक्षकांनी मातीवर टाकले असता जोराने फेस आला, तर चुनखडी भरपूर आहे असे समजावे. नमुना मात्र केवळ वरच्या वितीतून घेऊ नये. खड्ड्यातील प्रत्येक थराची माती वेगळ्या बरणीत घ्यावी. खड्डा घेण्यास सुगीनंतरचा काळ सोयीचा, कारण तेव्हा खालची ओल कोणत्या थरात टिकून आहे, हेही त्याच खेपेस दिसते.