बाटलीआधी रिपोर्ट

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात एक पारदर्शक जेलीफिश राहते. तिला डिवचलं की तिच्या कडेने हिरवट उजेड चमकतो. ओसामू शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये या उजेडामागचं प्रथिन वेगळं केलं. त्याच जेलीफिशमधल्या आणखी एका, हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या शोधासाठी २००८ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. तोवर उजेडाचं ते पहिलं प्रथिन वेगळ्याच वाटेला लागलं होतं. २००७ पासून अमेरिकेत ते ‘प्रेव्हाजेन’ या नावाने, स्मरणशक्तीसाठीचं सप्लिमेंट म्हणून विकलं जात होतं.

हे प्रथिन कॅल्शियमला धरून ठेवतं आणि मेंदूच्या पेशींमध्ये कॅल्शियमचा तोल महत्त्वाचा असतो, एवढ्या दोन खऱ्या गोष्टींवर सगळा दावा उभा होता. मधला दुवा मात्र कच्चा होता. प्रथिन जेलीफिशचं असो की तूरडाळीचं, पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात. ते अखंड मेंदूपर्यंत पोचतं हे कोणी दाखवलेलं नव्हतं.

कंपनीने २१८ जणांवर चाचणी घेतली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे प्लासिबो. नऊ प्रकारच्या बौद्धिक कसोट्यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. मग त्याच आकडेवारीचे लहान लहान गट पाडून तिसाहून अधिक वेळा पुन्हा विश्लेषण केलं गेलं आणि त्यातले अनुकूल तुकडे जाहिरातीत झळकले. संख्याशास्त्रात साधारणपणे वीसपैकी एखादा निकाल निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरू शकतो, हे गृहीतच धरलेलं असतं. तीस वेळा चाळलं की एकदोन मोती सापडणारच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कंपनीवर खटला भरला आणि २०२४ च्या अखेरीस न्यायालयाने स्मरणशक्ती सुधारण्याचे दावे करायला मनाई केली.

‘मला तर फरक पडला’

प्रत्येक टॉनिकच्या बाजूने एक साक्षीदार असतोच. तो खोटं बोलत नसतो. शब्दांची यादी लक्षात ठेवायची कसोटी माणसाने दुसऱ्यांदा दिली की गोळी न घेताही गुण वाढतात, कारण कसोटीचा सराव झालेला असतो. शिवाय पैसे मोजून घेतलेल्या गोळीबरोबर उमेद येते. माणूस लक्ष देऊन ऐकतो, वेळेवर झोपतो. म्हणूनच प्लासिबो गटाशी तुलना केल्याशिवाय ‘फरक पडला’ या वाक्याला विज्ञानात किंमत नाही.

या कसोटीला गिंको बिलोबा उतरलं नाही. या झाडाच्या पानांचा अर्क जगभर स्मृतीसाठी खपतो. अमेरिकेत ७५ आणि त्याहून अधिक वयाच्या ३०६९ जणांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको किंवा प्लासिबो देऊन सुमारे सहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. निकाल २००८ मध्ये आला: प्लासिबो गटात २४६ जणांना डिमेन्शिया झाला, गिंको गटात २७७ जणांना. गिंकोने संरक्षण दिलं नव्हतं. उलट रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना गिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

आपल्या ब्राह्मीचं काय? तिची बाजू थोडी बरी आहे. ऑस्ट्रेलियात ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांना तीन महिने ब्राह्मीचा अर्क किंवा प्लासिबो देण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेलं विसरण्याचं प्रमाण कमी झालं. अशा इतर चाचण्याही झाल्या आहेत. मात्र बहुतेक लहान आणि बाराएक आठवड्यांच्या. त्यातून दोन गोष्टी निघतात. दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना आणलेल्या सिरपच्या मागे या अभ्यासांचा आधार नाही. आणि या अभ्यासांतली ब्राह्मी म्हणजे ओलसर जागी वाढणारी, लहान मांसल पानांची बॅकोपा. आपल्याकडे गोल पानांच्या मंडूकपर्णीलाही सर्रास ब्राह्मी म्हणतात. ती निराळी वनस्पती आहे. बाटलीवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि अर्काचं प्रमाण नसेल, तर आत काय आहे हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही.

पुण्यातला पुरावा

आता अशा एका गोष्टीकडे वळू, जिची कमतरता मेंदूला खरोखर भोवते: बी-१२ जीवनसत्त्व. ते ना वनस्पती बनवतात ना प्राणी. बनवतात फक्त सूक्ष्मजीव. मांस, मासे, अंडी आणि दुधातून ते आपल्याला मिळतं. मज्जातंतूंवरचं आवरण नीट राखायला ते लागतं. ते कमी पडलं की होमोसिस्टीन नावाचं द्रव्य रक्तात साचतं, हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो आणि विसरभोळेपणाही वाढतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. पुढे गरोदरपणात ज्या मातांचं बी-१२ फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर तपासली गेली. एकाग्रतेच्या आणि अल्पकालीन स्मृतीच्या काही कसोट्यांत ती इतर मुलांपेक्षा मागे पडली.

म्हणजे प्रत्येकाने बी-१२ घ्यावं का? ऑक्सफर्डमध्ये स्मृती किंचित खालावलेल्या ज्येष्ठांना दोन वर्षं ब गटातली जीवनसत्त्वं दिली गेली. २०१० च्या या अभ्यासात त्यांचा मेंदू आक्रसण्याचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला, आणि सर्वाधिक लाभ झाला तो ज्यांचं होमोसिस्टीन आधीच वाढलेलं होतं त्यांना. उलट २०१४ मध्ये अकरा चाचण्यांतल्या सुमारे २२ हजार लोकांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा सरसकट फायदा दिसला नाही. दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. भरलेल्या टाकीत पाणी सोडलं तर ते बाहेरच वाहतं. रिकाम्या टाकीची गोष्ट वेगळी.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल मात्र अलीकडे जरा आशादायक निकाल आले आहेत. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचणीच्या तीन उपअभ्यासांत मिळून पाच हजारांहून अधिक ज्येष्ठ होते. रोज एक गोळी घेणाऱ्यांची स्मृती प्लासिबो गटापेक्षा थोडी सरस राहिली. फरक लहान आहे आणि त्याने डिमेन्शिया टळतो असं सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं आहे की डिमेन्शियाचा धोका कमी करण्यासाठी ब आणि ई जीवनसत्त्वं, ओमेगा-३ सारखी मेदाम्लं किंवा मिश्र सप्लिमेंट यांची शिफारस करू नये.

मेडिकलमध्ये जाण्यापूर्वी

म्हणून ‘कोणतं सप्लिमेंट घेऊ?’ याआधी विचारायचा प्रश्न आहे, ‘माझ्या शरीरात काय कमी आहे?’ त्याचं उत्तर रक्ततपासणीत मिळतं. बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं. शाकाहारी मंडळी, साठीपुढचे ज्येष्ठ, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आणि आम्लपित्तावर रोज गोळी घेणारे यांनी तर नक्कीच. ही दोन्ही औषधं बी-१२ चं शोषण कमी करतात. कमतरता असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेणं धोक्याचं आहे, कारण रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

झोपेच्या गोळ्या, सर्दीवरची गुंगी आणणारी औषधं, नैराश्य, अपुरी झोप यांनीही विसरायला होतं. ऐकू कमी येणारा माणूस विसरत नाही. त्याने मुळात ऐकलेलंच नसतं. शिवाय लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने डिमेन्शियाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणं सांगितली, त्यांत बहिरेपण आहे, तसेच उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि व्यायामाचा अभावही. रक्तदाबाची गोळी नियमित घेणं आणि रोज चालणं या गोष्टींची जाहिरात ‘मेंदूचं टॉनिक’ म्हणून कोणी करत नाही.

इंटरनेटवरून ‘ब्रेन बूस्टर’ मागवणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकेत अशा दहा सप्लिमेंटची तपासणी केली असता त्यांत पाच अशी औषधी द्रव्यं आढळली, ज्यांना तिथे मान्यताच नव्हती. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या नियमांनुसार सप्लिमेंटच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचं छापावं लागतं. ती ओळ बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते. पुढच्या बाजूवरचं मेंदूचं चित्र पाहण्याआधी ती वाचावी आणि विसरणं रोजच्या व्यवहारात अडथळा आणू लागलं असेल, तर बाटली तिथेच ठेवून डॉक्टरांची वेळ घ्यावी.