घरीं बांधलेल्या विमानांतील पेट्रोलची नळी

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांस थोडें नवल वाटेल. विमानाविषयीं बोलावयाचें तर पंख, इंजिन, वेग यांविषयीं बोलावें. बोटाएवढ्या जाडीच्या एका नळीवर आपला वेळ कां घालवावा? परंतु घरीं बांधलेल्या विमानांत बांधणाराच्या विवेकाची कसोटी या नळीइतकी दुसरें कांहीं क्वचितच घेत असेल.

अमेरिकेंत हौशी लोक मोटार ठेवण्याच्या खोलींतहि हलकीं विमानें बांधतात. निम्म्याहून अधिक काम हौसेसाठीं व शिक्षणासाठीं केलेलें असलें, म्हणजे तेथील कायदा तपासणीनंतर अशा विमानास उडूं देतो.

टाकींतील पेट्रोल तोटींतून व गाळणींतून इंजिनापर्यंत न्यावयाचें, एवढेंच नळीचें काम. टाकी वर असल्यास तें उतारानें येतें, खालीं असल्यास पंप लागतो. मात्र टाकींत हवा शिरावयास वाट हवी. तेलाच्या डब्यास एकच भोक पाडलें तर तेल अडखळत येतें, दुसरें पाडतांच धार लागते, हें आपल्या घरांतील मुलांसहि ठाऊक असतें. कुंभारमाशीनें टाकीची हवेची नळी मातीनें लिंपली, तर टाकी भरलेली असूनहि इंजिन उपाशी राहतें!

नळी बहुधा ॲल्युमिनियमची असते. पत्र्यांतून ती जाते तेथें रबरी कडें घालतात आणि ठिकठिकाणीं तिला पट्ट्यांनीं जखडतात, कारण मोकळी नळी थरथरीनें कालांतरानें तडकते. इंजिनाकडील शेवटचा तुकडा मात्र लवचिक हवा. इंजिन रबरी गाद्यांवर बसविलेलें असल्यामुळें तें सारखें हलत असतें. जोडासाठीं नळीचें तोंड ३७ अंशांत पसरावें लागतें. मोटारदुरुस्तीचें हत्यार सामान्यतः ४५ अंशांचें असतें. तें वापरलें तर जोड दिसावयास ठीक दिसतो, पण गळण्याची भीति राहते. शिवाय नळी तापणाऱ्या भागाजवळून नेली, तर आंत पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह तुटतो.

हें सर्व साधलें तरी तोटी कोठें बसवावी, हा प्रश्न उरतोच. बर्ट रूटन यांनीं आखलेल्या ‘लाँग-ईझी’ या विमानांत वैमानिकाच्या दोहों बाजूंस एकेक टाकी असते आणि इंजिन पाठीमागें असतें. एका टाकीवरून दुसरीवर जाण्याची तोटी मूळ नकाशांत वैमानिकाच्या पुढें, दोन मांड्यांच्या मध्यें आहे. म्हणजे मागल्या इंजिनाचें पेट्रोल आधीं पुढें आणून मग मागें न्यावयाचें. एका बांधणारास वाटलें, बसण्याच्या जागेंत पेट्रोल खेळवावें कशाला? म्हणून त्यानें तोटी वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागील भिंतीवर बसविली. विचार अगदींच वेडगळ म्हणतां येणार नाहीं. नळी आंखूड झाली आणि आगीचें भय टळलें. पण हाताचा विचार राहून गेला.

पुढें तें विमान सुप्रसिद्ध गायक जॉन डेन्व्हर यांनीं विकत घेतलें. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं, पेट्रोल न भरतां, ते एकटेच उडाले आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत पॅसिफिक ग्रोव्हजवळ समुद्रांत कोसळून मृत्यु पावले. चौकशीमंडळाचा निष्कर्ष असा: तोटी फिरविण्यास उजवा हात दांड्यावरून काढून, अंग पिळून मागें वळावें लागे. तसें करतांना उजवा पाय नकळत सुकाणूच्या पायटीवर दाबला गेला आणि विमान ताब्यांतून सुटलें. पेट्रोल न भरणें, या विमानाचा अपुरा सराव, हींहि कारणें मंडळानें नोंदविलीं. तोटीच्या मुठीवर कोणती दिशा कोणत्या टाकीची, याची खूणहि नव्हती.