रोहूचं माहेर

काल पहाटे तुम्हा दोघांना झोपेतून उठवून रिक्षात कोंबलं, तेव्हा तुमची आई माझ्यावर चिडली होती. सांताक्रूझहून पवईला जायचं ते मासे बघायला, मग नाश्ता करून निघालं तर काय बिघडतं, असं तिचं म्हणणं. बिघडतं, बाळांनो. जे दाखवायचं होतं ते सूर्य वर आला की दिसेनासं होतं.

तलावाच्या बांधावरून खाली बघून धाकटी म्हणाली होती, “आजोबा, मासे चहा पितायत!” खरंच तसं दिसत होतं. पाच-पंचवीस तोंडं पाण्याच्या कडेशी येऊन गोल उघडत, मिटत, पुन्हा उघडत होती. पण ते चहा पीत नव्हते. त्यांचा जीव गुदमरत होता.

माशाला श्वासाला लागणारा ऑक्सिजन पाण्यात विरघळलेला असतो, आणि पाणी जितकं गरम तितका तो कमी मावतो. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम, 30 अंशांच्या पाण्यात साडेसात. फाल्गुन-चैत्रात मुंबईचं पाणी तापायला लागतं. त्यात रात्र झाली की पाण्यातली हिरवी शेवाळं ऑक्सिजन बनवायचं थांबवतात, पण श्वास काही थांबवत नाहीत. रात्रभर सगळे मिळून एकच डबा संपवतात आणि पहाटे डबा रिकामा. मग मासे वर येतात, कारण पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा हवेला चिकटलेला असतो. तिथे थोडं उरलेलं मिळतं. ऊन पडलं, शेवाळं कामाला लागली, की ते खाली जातात. तळ्याची राखण करणारा माणूस वसंतात पहाटे उठतो तो या तोंडांसाठी. एखाद्या सकाळी ती खाली गेलीच नाहीत, तर दुपारपर्यंत मासे पोट वर करून तरंगताना दिसतात.

पवई हा काही निसर्गाने खोदलेला तलाव नव्हे. मुंबईला पाणी पुरेना म्हणून इंग्रजांच्या काळात, 1890 च्या सुमारास, टेकड्यांमध्ये बांध घालून तो केला. भरला की 545 कोटी लिटर पाणी. पण ते प्यायच्या लायकीचं निघालं नाही, आणि थोड्याच वर्षांत तानसा तलावाचं पाणी आलं. माणसांना नको झालेला तलाव माशांना मिळाला. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची संस्था तिथे कितीतरी वर्षं गळाची मासेमारी चालवते आणि मत्स्यबीज, म्हणजे माशांची पिल्लंही सोडते. बीज का सोडावं लागतं, तीच तर आजची गोष्ट.

त्याआधी एक सांगतो. बांधावर थोरल्याने उडी मारली आणि तिथला गळवाला त्याच्याकडे रागाने वळला, आठवतं? तो खडूस नव्हता. रोहू, कटला, मृगळ या कार्प कुळातल्या माशांना बाहेर कान नसतात, पण ऐकू फार छान येतं. त्यांच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला वाताशय म्हणतात. धक्का बसला की ती थरथरते, आणि तिच्यापासून डोक्यातल्या कानापर्यंत दोन्ही बाजूंना चार-चार चिमुकल्या हाडांची साखळी असते. तुमच्या कानात हातोडी, ऐरण, रिकीब अशी तीन हाडं, माशाच्या साखळीत चार! वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ती 1820 मध्ये दाखवून दिली. तुझ्या एका उडीने खालच्या रोहूच्या पोटात ढोल वाजला, रे.

आणि हे तिघं एकाच घरात भांडत नाहीत, हे मला फार आवडतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या मजल्यावर बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या मजल्यावर. मृगळ तळमजल्यावर, चिखलातलं वेचतो. जबड्यात कुणालाच दात नाहीत, दात घशात! पोटाची पिशवीही नाही, नुसतं लांबच लांब आतडं. म्हणून एकदम पोटभर जेवण नाही, दिवसभर चरणं. गळवाला कणकेच्या छोट्या गोळ्या लावून तासन् तास बसतो तो याच कारणाने. वसंतात शहाणा गळवाला चाराही मोजूनच टाकतो. न खाल्लेला चारा कुजतो आणि कुजताना ऑक्सिजन खातो. मेलेली जलपर्णी तेच करते, म्हणून ती पावसाआधी काढावी लागते. आणि हो, काठावरच्या झुडपांत शिरायचं नाही. पवईत मगरी आहेत, आणि मगरीण याच दिवसांत काठावर खड्डा करून अंडी घालते.

आता माहेर. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते ना? रोहूचं माहेर म्हणजे वाहती नदी. फेब्रुवारी-मार्चपासून मादीच्या पोटात अंडी धरू लागतात, ज्येष्ठापर्यंत पोट टच्च भरतं. किलोभर वजनाच्या मादीत दोन-अडीच लाख अंडी! मग पाऊस, गढूळ लोंढा, पसरलेल्या पाण्याचा उथळ काठ, हे सगळं जुळून आलं तरच ती अंडी सोडते. कोंडलेल्या तळ्यात लोंढा नाही, म्हणून सहसा ती अंडी घालतच नाही. पोटातली लाखो अंडी हळूहळू शरीरात परत जिरवून टाकते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा बराच वेळ गळ टाकावासा वाटला नाही.

परदेशातून आलेला सायप्रिनस हा कार्प मात्र बेफिकीर. तो साचलेल्या पाण्यातच, वसंतातही, पाणवनस्पतींवर अंडी चिकटवून मोकळा होतो.

रोहूची अडचण सोडवली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी. तोवर लोक पुराच्या नद्यांत जाळी लावून पिल्लं धरत, त्यात नको ते मासेही येत. चौधरींनी विचार केला, पावसाचा निरोप माशाच्या मेंदूखालची वाटाण्याहून लहान ग्रंथी शरीराला देते; मग तो निरोप आपणच का देऊ नये? एका माशाच्या ग्रंथीचा अर्क त्यांनी दुसऱ्याला टोचला. 10 जुलै 1957 ला, ओडिशात अंगूळला, सहकारी अलिकुन्ही यांच्यासोबत केलेला हा प्रयोग साधला. माहेर सुईतून आलं! तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन आहे.

अंडी दिवसाच्या आत फुटतात. निघणारी पिल्लं जिऱ्याएवढी, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. बोटाएवढी झाली की बोटुकली. मोठ्या तळ्यात बोटुकलीच सोडायची. जिरे सोडले तर मरळ आणि चिलापी हे मासे त्यांची फोडणी करतील.

तर कालच्या त्या तोंडांपैकी कितीतरी पोटुशी होती. त्यांना लोंढा हवाय, आणि तो आपल्याही ओळखीचा आहे. तलाव भरून सांडला की ते पाणी मिठी नदीत येतं, विमानतळाखालून, आपल्या कलिन्याच्या अंगाने माहीमच्या खाडीला जातं. 26 जुलै 2005 ला आपल्या सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला, तेव्हा ती मिठी आपल्या सगळ्यांच्या दारात आली होती.

पाऊस कधी येणार, विचारताय? हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सूनची तारीख 11 जून. तोवर पहाटे साडेपाचला उठायचं, आणि बांधावर उड्या मारायच्या नाहीत.