कुस्तीतला ताबा : डावाच्या आधीची तयारी

आखाड्याबाहेरच्या माणसाला कुस्ती म्हणजे डाव वाटतात : ढाक, कलाजंग, धोबीपछाड. वस्ताद मात्र नव्या पोराला आधी ताबा शिकवतात. समोरच्याचा तोल आपल्या हाती नसेल, तर कोणताही डाव त्याच्यावर लागत नाही.

खडाखडीत : मनगट आणि मान

उभ्या कुस्तीत एक हात प्रतिस्पर्ध्याच्या मानेमागे आणि दुसरा त्याच्या मनगटावर किंवा दंडावर असतो. मान खाली ओढली की पाठ वाकते, वजन चवड्यांवर येते आणि पाय उचलायला जड होतात. आपली कोपरे मात्र बरगड्यांलगत हवीत. ती उघडी पडली, की काखेखालून हात घालून तोच आपल्या पाठीमागे जातो.

पटात घुसताना

एकेरी पटात एक पाय धरायचा, दुहेरीत दोन्ही. डोके खाली घालून नुसते हात पुढे करणाऱ्याचा पट फसतो. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून आपली कंबर त्याच्या कंबरेजवळ न्यावी लागते. बचाव करणारा दोन्ही पाय मागे फेकतो आणि छातीचा भार वरून टाकतो. पट घालणारा या भाराखाली दबला, की वरच्याने बाजूने सरकून पाठ गाठायची.

पाठीमागचा ताबा

सगळ्यात भक्कम जागा पाठीमागे, कारण तिथे प्रतिस्पर्ध्याचे हात पोहोचत नाहीत. कंबरेला घट्ट मिठी, छाती त्याच्या पाठीला चिकटलेली, मध्ये फट नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत असे मागे जाऊन त्याला खाली ठेवले, म्हणजे दोन हात व एक गुडघा किंवा दोन गुडघे व एक हात टेकवले, की २ गुण मिळतात.

खालची कुस्ती

वरच्या मल्लाने स्वतःच्या गुडघ्यांवर बसून राहू नये. भार खालच्याच्या पाठीवर द्यावा. पायात पाय गुंतवून सवारी भरली, की त्याला उठता येत नाही. कंबर आवळून भारंदाज मारला आणि त्याची पाठ मॅटकडे वळली, तर आणखी २ गुण. मानेची पकड जपून घ्यावी : दोन्ही हातांनी नुसती मान आवळणे नियमबाह्य आहे, सोबत त्याचा एक हातही पकडीत असावा लागतो.

माती आणि मॅट

मातीवरच्या पारंपरिक निकाली कुस्तीत चितपट झाल्याशिवाय निकाल नाही. तिथे ताबा ही पायरी. कितीही वेळ वर राहिले तरी तेवढ्याने कुस्ती मारता येत नाही. मॅटवर सामना तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांचा, आणि फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची आघाडी झाली की तिथेच संपतो. म्हणून मातीतून मॅटवर येणाऱ्या मल्लाने मोठ्या डावाची वाट पाहत बसू नये. जोडीदाराबरोबर लढतीचा सराव करताना काही फेऱ्या फक्त पाठ गाठण्यासाठी खेळाव्यात. पाडायचे नाही, एवढीच अट ठेवली की ताबा कुठे सुटतो ते लगेच कळते.