ॲप-संलग्न गृहोपकरणे

वाय-फाय किंवा ब्लूटूथद्वारे मोबाइलमधील ॲपशी जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना ॲप-संलग्न गृहोपकरणे म्हणतात. वॉशिंग मशीन, एसी, गीझर, पंखे, दिवे, फरशी पुसणारे यंत्रमानव अशी अनेक उपकरणे या प्रकारात मोडतात. बाजारात ती ‘स्मार्ट’ या विशेषणाने ओळखली जातात. ‘वस्तूंचे आंतरजाल’ या व्यापक संकल्पनेचा हा घरगुती आविष्कार होय. एका बटणाने होणाऱ्या कामासाठी खाते, पासवर्ड आणि दूरच्या सर्व्हरची मध्यस्थी लागावी, हा या उपकरणांवरील प्रमुख आक्षेप आहे.

इतिहास

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८०च्या दशकाच्या आरंभी शीतपेयाचे एक यंत्र संगणक जाळ्याला जोडण्यात आले होते. यंत्रात बाटल्या आहेत का आणि त्या पुरेशा थंड झाल्या आहेत का, हे जागेवरून न उठता कळावे एवढाच त्यामागील हेतू होता. १९९० मध्ये जॉन रॉम्की यांनी इंटरॉप प्रदर्शनात आंतरजालावरून चालू-बंद करता येणारा टोस्टर मांडला. त्यात पाव मात्र हातानेच ठेवावा लागे. पुढील वर्षी त्यासाठी एक लहान क्रेन जोडण्यात आली. २००० मध्ये एलजी कंपनीने आंतरजालाला जोडलेला फ्रिज बाजारात आणला, परंतु त्याची किंमत सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर होती. ही उपकरणे स्वस्त झाली ती पुढे स्मार्टफोनचा प्रसार झाल्यावर आणि वाय-फायची सोय असलेल्या चिपची किंमत घसरल्यावर. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही २०१४ मधील चिप याचे ठळक उदाहरण आहे. जोडणीचा खर्च नगण्य झाल्यावर ती खरोखर हवी आहे का, हा प्रश्न मागे पडला.

कार्यपद्धती

वापरकर्त्याने ॲपमधील बटण दाबले की आज्ञा बहुधा थेट उपकरणाकडे जात नाही. ती प्रथम घरातील राउटरमार्फत निर्मात्याच्या सर्व्हरकडे जाते. हा सर्व्हर अनेकदा परदेशात असतो. तेथे खात्याची ओळख पटल्यावर आज्ञा त्याच राउटरमार्गे परत येते. अशा रीतीने पाच पावलांवरील दिव्यापर्यंत पोहोचण्यासाठी संदेशाला कधी हजारो किलोमीटरचा प्रवास घडतो. वीज आणि दिवा दोन्ही सुस्थितीत असूनही मधला एखादा दुवा तुटल्यास ॲपवरून दिवा लागत नाही. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या सर्व्हर सेवेत बिघाड झाला, तेव्हा घराची झाडलोट करणाऱ्या रूम्बा यंत्रांच्या ॲपवरही त्याचा परिणाम झाला होता. यंत्राच्या अंगावरील बटण शाबूत असेल तर अशा वेळी अडचण किरकोळ ठरते. ते बटणच काढून टाकलेले असेल, किंवा काही सोयी केवळ ॲपमध्येच ठेवल्या असतील, तर मात्र ग्राहकापुढे पर्याय उरत नाही.

दैनंदिन वापरातील अडचणी

पहिली अडचण जोडणीच्या वेळीच येते. अनेक उपकरणे केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर असल्यास काही वेळा जोडणी होत नाही, आणि कारणही सहसा सांगितले जात नाही. राउटरचा पासवर्ड बदलला की घरातील प्रत्येक उपकरण नव्याने जोडावे लागते. खाते बहुधा घरातील एकाच व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकाशी किंवा ई-मेलशी निगडित असते. त्यामुळे ती व्यक्ती बाहेरगावी असताना आजी-आजोबांना किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंना यंत्र चालवणे अवघड जाते. जुने उपकरण विकताना पहिल्या मालकाने खात्यातून त्याची नोंद काढली नसेल, तर नव्या मालकाची अडवणूक होते.

याची दुसरी बाजूही आहे. सपाट स्पर्शपटल दृष्टिहीन व्यक्तीला हाताने ओळखता येत नाही. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या मोबाइलवरील ॲप हाच तिच्यासाठी यंत्र स्वतंत्रपणे चालवण्याचा मार्ग ठरू शकतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पंखा किंवा दिवा स्वतः लावता येणे हीही लहान गोष्ट नव्हे.

उपकरणाचे आयुष्य

फ्रिज किंवा वॉशिंग मशीन दहा-पंधरा वर्षे चालावे अशी अपेक्षा असते. ॲप व सर्व्हर तितकी वर्षे चालू ठेवण्याचे आश्वासन क्वचितच मिळते. घरातील उपकरणे एकत्र जोडणारे रिव्हॉल्व हे सुमारे ३०० डॉलरचे यंत्र मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केल्यामुळे निरुपयोगी झाले. त्यापूर्वी २०१४ मध्ये गूगलच्या मालकीच्या नेस्टने ती कंपनी विकत घेतली होती. ज्युसेरो या रस काढण्याच्या यंत्राची कथा निराळी आहे. २०१६ मध्ये ६९९ डॉलरना विक्रीस आलेल्या या यंत्राला वाय-फायची जोडणी लागे. त्यात घालायच्या पिशव्या नुसत्या हातानेही पिळता येतात, असे एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने दाखवून दिले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने विक्री थांबवली.

सुरक्षा व नियमन

अद्ययावत न होणारे उपकरण घराबाहेरही उपद्रवी ठरते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे व व्हिडिओ रेकॉर्डर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर रोजी त्यांच्या साहाय्याने डिन या कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दुर्गम झाली. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असे सर्वांना ठाऊक असलेले सामायिक पासवर्ड देण्यास बंदी आहे. सुरक्षा अद्यतने किमान किती काळ मिळतील, हे जाहीर करणेही तेथे निर्मात्यांवर बंधनकारक आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅटर’ या मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे घरातल्या घरात, सर्व्हरची मध्यस्थी टाळून, एकमेकांशी बोलू शकतात. होम असिस्टंट ही मुक्त स्रोत प्रणालीही याच तत्त्वावर भर देते. मात्र ती बसवण्यासाठी थोडे तांत्रिक ज्ञान लागते.