कृत्रिम बेडूक (गळाचे आमिष)

कृत्रिम बेडूक : पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे आणि दिसण्यात व हालचालीत बेडकाचा आभास निर्माण करणारे गळाचे आमिष. गळाच्या आकड्यावर केस, पिसे, बूच, फोम इ. पदार्थ दोऱ्याने बांधून केलेल्या आमिषास ‘कृत्रिम माशी’ म्हणण्याचा प्रघात असल्याने हा बेडूकही माशी या वर्गातच मोडतो. उत्तर अमेरिकेतील बास या भक्षक माशासाठी तो प्रथम विकसित झाला. बास भारतातील नद्यांत नैसर्गिकपणे आढळत नाही; पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बेडूक टिपण्याचे तिचे काम येथे मरळ (चन्ना प्रजाती) करते. कोल्हापूर जिल्ह्यातील पंचगंगेचे संथ डोह, गावतळी आणि पाटबंधाऱ्यांमागील उथळ पाणी ही मरळीस मानवणारी स्थाने होत.

मरळीच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूस हवा साठविणारी पोकळी असते व ती ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन हवा घेते. त्यामुळे जलपर्णीने झाकलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही ती तग धरते. अशा ठिकाणी बुडणारा गळ लगेच तणात अडकतो. म्हणून तणावरून घसरत जाणारे तरंगते आमिषच उपयोगी पडते. महाराष्ट्रात यासाठी जिवंत बेडूक पाठीच्या किंवा मांडीच्या कातडीतून आकडा ओवून वापरण्याची रीत जुनी आहे. ती क्रूर तर आहेच, शिवाय शेतीच्या दृष्टीनेही तोट्याची आहे. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या भातपिकाच्या तालुक्यांत बेडूक हा किडींचा फुकट मिळणारा शत्रू होय. बेडकांच्या तंगड्यांच्या व्यापारामुळे त्यांची संख्या घटू लागल्यावर भारताने १९८७ मध्ये त्यांची निर्यात बंद केली. कृत्रिम बेडकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. तो केवळ हौशी कारागिरीचा नमुना नाही.

अमेरिकेत जेम्स हेन्शल या वैद्याने १८८१ मध्ये बासविषयी ग्रंथ लिहिला. हरणाच्या केसांच्या तरंगत्या माशीशी त्याचे नाव जोडले जाते. पुढे १९२० नंतरच्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील जो मेसिंजर यांनी पाठ व पोट वेगळ्या रंगांचे आणि गुडघ्यात वाकलेले पाय असलेला केसांचा बेडूक प्रचारात आणला.

बांधणी : रुंद तोंडाचा मजबूत आकडा लहान शेगड्यात घट्ट धरून त्याच्या दांडीवर दोऱ्याचे वेढे देतात. मागील टोकास कोंबड्याच्या मानेची लांब पिसे दोन्ही बाजूंस जोडीने बांधतात. पिसांचे बाक एकमेकांपासून दूर, बाहेरच्या बाजूस असावे लागतात. दोरी ओढताच ती मिटतात, सोडताच उघडतात आणि पोहणाऱ्या बेडकाच्या लाथेचा भास होतो. बाजूंना रबराच्या बारीक पट्ट्या बांधल्या की पायांची थरथरही साधते.

यानंतरचे काम सर्वांत कौशल्याचे होय. हरणाच्या केसाच्या आत हवेने भरलेल्या पेशींची जाळी असते. त्यामुळे केस तरंगतो आणि दाबल्यास दुमडतो. पेन्सिलीएवढ्या जाडीचा जुडगा दांडीवर ठेवून दोन सैल वेढे द्यावयाचे व मग दोरा ताणावयाचा, म्हणजे केस काटकोनात फुलून दांडीभोवती पसरतात. ते बोटांनी मागे रेटून पुढचा जुडगा बांधतात. रेटणे जितके घट्ट, तितका बेडूक अधिक काळ तरंगतो. सैल बांधलेला बेडूक थोड्याच वेळात पाणी पिऊन बुडू लागतो. पाठीवर हिरवे व पोटाशी पांढरे केस एकावर एक रचून रंगभेद साधतात. शेवटी धारदार पात्याने आकार देतात. पोटाची बाजू अगदी सपाट व दांडीलगत कापावी लागते, अन्यथा आकड्याचे तोंड झाकले जाऊन मासा लागत नाही. तणात अडकू नये म्हणून आकड्याच्या टोकापुढे जाड नायलॉनचा फास बांधतात.

भारतात मात्र ही कृती जशीच्या तशी अनुसरता येत नाही. सांबर, चितळ, भेकर हे प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्यांच्या केसांचा व्यापार बेकायदेशीर आहे. बकरीचे केस सहज मिळतात, परंतु ते तितके तरंगत नाहीत. बाशिंगे करण्यासाठी वापरला जाणारा भेंड हलका असला, तरी ठिसूळ असल्याने मरळीच्या दातांपुढे टिकत नाही. त्या मानाने फोम किंवा जुन्या हवाई चपलेचा तळ कापून केलेले धड सोयीचे व टिकाऊ ठरते. पिसांचे पाय त्यासही बांधता येतात. नमुना म्हणून पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा, काळपट ठिपक्यांचा मळकट हिरवा बेडूक (युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस) घ्यावा. तो स्थिर असताना केवळ नाकपुड्या व डोळे पाण्याबाहेर ठेवतो. म्हणून आमिषही पाण्यात निम्मेअधिक बुडून तरंगणारे असावे. फार उंच तरंगणारा बेडूक माणसाला देखणा वाटतो, माशाला तो खरा वाटेलच असे नाही.

वापर : आमिष तणावर टाकून ते घसरत मोकळ्या पाण्याच्या कडेशी आणतात व क्षणभर थांबवितात; बहुधा याच वेळी मासा झेप घेतो. पाण्याचा खळबळाट होताच झटका देणे ही नवशिक्याची नेहमीची चूक. मरळीचा पहिला घाव पुष्कळदा चुकतो. दोरी ताणली गेल्याचे जाणवल्यावरच काठी उचलावी. तिचा जबडा हाडांचा असल्याने बारीक आकडा उपयोगी पडत नाही.

पावसाळ्यात मरळीची जोडी तणातील मोकळ्या जागी तरंगती अंडी घालते व नंतर पिलांची राखण करते. पिलांचा तांबूस पुंजका हवा घेण्यासाठी वारंवार वर येतो, त्यावरून जागा सहज ओळखता येते. पुंजक्यावरून गेलेल्या कोणत्याही वस्तूवर पालक मासे भूक नसतानाही तुटून पडतात. कृत्रिम बेडकाने त्या वेळी मासा हमखास मिळतो, परंतु पालक गेल्यावर पिले इतर माश्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. म्हणून जाणते गळकरी पुंजका दिसताच तेथून आमिष काढून घेतात. मासा सोडून द्यावयाचा असल्यास आकड्याचा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट करतात, म्हणजे जबड्यास इजा न होता तो सुटतो. वापरानंतर बेडूक पिळून सावलीत वाळवावा; ओला ठेवल्यास पिसे कुजतात व आकडा गंजतो.