मांजराला लंघन सोसत नाही

मांजराच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ निघालं की घरातल्यांचा पहिला संशय खाण्यावर जातो. चिकन जास्त झालं असेल, साय द्यायला नको होती, आता दोन दिवस पोटाला विश्रांती देऊ. माणसांकडे पाहून असं वाटणं साहजिक आहे, कारण आपल्यात हा आजार बहुधा जादा खाणं, बैठं काम किंवा दारू यांतून वर्षानुवर्षं मुरत जातो. मांजरात मात्र तो काही दिवसांत उभा राहतो आणि त्याची सुरुवात खाणं थांबण्यातून होते. यकृतात साठलेली ती चरबी वाडग्यातली नसते, मांजराच्या स्वतःच्या अंगावरची असते.

अन्न बंद झालं की शरीर साठवलेली चरबी रक्तात सोडतं आणि ती यकृताकडे येते. यकृताने त्यातली काही जाळायची आणि उरलेली प्रथिनांच्या वेष्टनात बांधून बाहेर पाठवायची, असा हा व्यवहार असतो. मांजर पक्कं मांसाहारी. त्याचं यकृत उपाशीपोटीही प्रथिनं मोडत राहतं, त्यात फारशी काटकसर करू शकत नाही. त्यामुळे वेष्टनाला लागणारी प्रथिनंच अपुरी पडतात, चरबी येत राहते आणि पेशींमध्ये तुंबते. मांजर प्रथिनांवर किती अवलंबून आहे हे मॉरिस आणि रॉजर्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी 1978 मध्ये दाखवलं. आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेलं एक जेवण दिल्यावर मांजरांच्या रक्तातला अमोनिया काही तासांत विषारी पातळीला गेला.

यावर कुणी विचारेल, मग हा आजार लठ्ठ मांजरांनाच जास्त का होतो? कारण त्यांच्या अंगावर वितळायला चरबी जास्त असते. लठ्ठपणाने कोठार भरून ठेवलेलं असतं, पण त्याचं दार उपासमार उघडते. दुसरा आक्षेप असा की रस्त्यावरची मांजरं उपाशी राहूनही तगतात. त्यांच्या अंगावर मुळात चरबी कमी असते आणि उंदीर, पाली, उष्टं असं काहीतरी पोटात जातच असतं. त्यांच्याशी तुलना करून फ्लॅटमधल्या सहा किलोच्या मांजराबाबत ‘भूक लागली की खाईल’ म्हणणं धोक्याचं आहे. कारण मळमळ असलेलं मांजर वाडग्याशी येतं, वास घेतं, ओठ चाटतं आणि मागे फिरतं.

ते खायचं का थांबलं, हा खरा प्रश्न. बहुतेक वेळा मागे दुसरा आजार असतो: स्वादुपिंडाचा दाह, आतड्याची सूज, मधुमेह, कधी कॅन्सर. पण पुण्याजवळच्या रहाटणी-पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधलं जगणंही कारण पुरवतं. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की घर बदलतं, दिवाळीत गावी जाताना मांजर बोर्डिंगमध्ये राहतं, कॅट फूडचा ब्रँड एकदम बदलतो. त्यात दोन मांजरांना एकच कायम भरलेला वाडगा असेल, तर एकाने तोंड लावणं कधी सोडलं हे कळतच नाही. म्हणून वाडगे वेगळे हवेत. पूर्ण एक दिवस मांजर काहीच खात नसेल तर व्हेटकडे न्यावं. कावीळ पाहायची तर डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या आणि कानाची आतली बाजू दिवसाच्या उजेडात पाहावी, ट्यूबलाइटखाली ती सहज चुकते.

आजार झाल्यावर लिव्हर टॉनिक आणि बिनचरबीचं पातळ खाणं, हा उपायही माणसांकडूनच उचललेला. इथे मुख्य औषध अन्न आहे, तेही प्रथिनयुक्त. मेंदूवर परिणाम झालेला असेल तरच डॉक्टर प्रथिनं आवरतात. मांजर स्वतः खात नसल्याने मानेतून अन्ननलिकेत ट्यूब बसवतात आणि ती अनेक आठवडे राहते. ट्यूब पाहून लोक घाबरतात, पण त्याऐवजी रोज तोंडात सिरिंज कोंबल्याने मांजर त्या अन्नाचाच तिटकारा धरतं. मात्र पहिल्याच दिवशी पोटभर दिलं तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायकरीत्या घसरू शकतं, म्हणून तीन-चार दिवसांत मात्रा वाढवत नेतात. वेळेवर आणि नेटाने भरवलेली बहुसंख्य मांजरं वाचतात आणि यकृत सहसा पूर्ववत होतं. वजन उतरवायचं ते त्यानंतर, तेही आठवड्याला एक ते दोन टक्क्यांनी: सहा किलोच्या मांजरासाठी साठ ते एकशेवीस ग्रॅम.